मुलांच्या विश्वासामुळे, बाप्तिस्म्यामुळे आईवडील ख्रिस्ताच्या जवळ आले, असं तुमच्याकडे झालंय का?

सायली_नगरकर

नमस्कार मंडळी.

मी मूळची नगरची (आताचं अहिल्यानगर). आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, शाळेत असताना दृढीकरण (कळत्या वयात स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी) झालं, संडेस्कूलमध्ये वचनं पाठ करून बक्षिसंही मिळवली. पुढे नोकरीसाठी पुण्याला आले, लग्न झालं आणि हळूहळू चर्च सुटलं. कुणाशी भांडण झालं नाही, काही मोडलंही नाही. नाताळला नगरला जायचं, आईशेजारी उपासनेला बसायचं, इतकंच उरलं. नवरा हिंदू आहे, लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झालं. मुलांवर काही लादायचं नाही, मोठी झाली की त्यांचं ती ठरवतील, हे आमचं आधीपासून ठरलेलं.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. उन्हाळ्यात आजीकडे राहिली, तिथल्या चर्चच्या व्हीबीएसला, म्हणजे सुट्टीतल्या बायबल शिबिराला गेली. परत आल्यापासून रोज झोपताना प्रार्थना करते. आम्ही कुणी सांगितलेलं नाही. शेजारच्या काकांचं ऑपरेशन, वर्गातली एक रुसलेली मैत्रीण, सोसायटीतली मांजर, सगळ्यांची नावं येतात. आणि आता म्हणतेय, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. "तुझा झालाय ना आई? मग आपण चर्चला का जात नाही?"

तिला न्यायचं म्हणून मी जाऊ लागले. मागच्या रविवारी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रभूची प्रार्थना म्हणताना जाणवलं की आज मी हे माझ्यासाठी म्हणतेय.

तर विचारायचं असं: मुलांमुळे आईवडील परत आले, किंवा पहिल्यांदाच आले, असं तुमच्या पाहण्यात आहे का? ते टिकलं का? आणि बाप्तिस्म्याचं काय करावं? मला घाई करायची नाही, तिला अडवायचंही नाही.

कोल्हापुरी_रूथ

सायली, वाचून भरून आलं. आमच्याकडे अगदी हेच झालं. माझे सासरे चाळीस वर्षं चर्चच्या फाटकाशी सासूबाईंना सोडून चहाच्या टपरीवर बसायचे. नात संडेस्कूलच्या कार्यक्रमात स्तोत्र २३ म्हणणार म्हणून आत आले. पुढच्या रविवारी ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही आत नसलात की मी विसरते." झालं. आता माणूस पहिल्या बाकावर असतो आणि 'उपासना संगीत' हे भजनांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतो.

गोडखाऊ_पीटर

रूथताई, त्या टपरीवाल्याचं काय झालं पण? :)

कोल्हापुरी_रूथ

तो अजून विचारतो, "साहेब आजारी आहेत का?" :)

वसईकर_डॉम

मी वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बरीच वर्षं मुलांना धर्मशिक्षण देतो, त्यामुळे या विषयावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्याकडे कॅथलिकांत मूल साधारण सात-आठ वर्षांचं झालं की प्रथम कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं. हे वय पोप दहावे पायस यांनी १९१० साली ठरवून दिलं, त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलं दहा-बारा, कुठे चौदा वर्षांची होईपर्यंत थांबायची. तयारीचा वर्ग महिनोन्‌महिने चालतो आणि खरं काम तिथे होतं. मूल घरी जाऊन विचारतं, "पाप म्हणजे काय? तू कन्फेशनला (पापांची कबुली द्यायला) कधी गेलास, पप्पा?" मी शिकवतो त्याच्या दुप्पट शिकवणं ती मुलं घरी जाऊन करतात. एका मुलाचे वडील मला मिस्सानंतर (उपासनेनंतर) बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तो मला आज्ञा विचारतो आणि मला सहाव्यानंतर आठवत नाही." पुढच्या आठवड्यापासून ते वर्गाच्या मागच्या बाकावर येऊन बसू लागले.

पण दुसरी बाजूही सांगतो. पांढरा झगा, फोटो, केक, हॉल, जेवणावळ झाली की पुढच्या रविवारी निम्मे बाक रिकामे. मूलही नाही आणि आईबापही नाहीत. त्यामुळे "मुलांमुळे आईवडील येतात" हे खरं असलं तरी राहतात कोण? माझ्या अनुभवात जे मुलाबरोबर स्वतः शिकले ते राहिले. मुलाला सोडून गाडीत मोबाईल बघत बसलेले राहिले नाहीत.

सायलीताई, तुम्ही आत बसता हे फार चांगलं आहे.

मंदार_क

मी या धाग्यावरचा बहुधा एकटाच हिंदू बाप. बायको मंगळूरकडची कॅथलिक, आम्ही ठाण्यात राहतो. लग्नाच्या वेळी चर्चने तिच्याकडून वचन घेतलं होतं की मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी ती जमेल तितकं करेल. माझ्याकडून वचन घेतलं नाही. तिने असं वचन दिलंय, एवढं फक्त मला कळवलं गेलं. मला तो प्रकार आवडला नव्हता आणि ते मी तिला तेव्हाच सांगितलं होतं.

मुलगा झाल्यावर बाप्तिस्म्याआधी पालकांसाठी एक बैठक होती. मी जाणार नव्हतो. गेलो. फादरांनी मला काही विकायचा प्रयत्न केला नाही. एकच विचारलं, "या मुलाने कसा माणूस व्हावं असं तुम्हाला वाटतं?" असं मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं, माझ्या वडिलांनीही नाही. मी बराच वेळ बोललो.

आज मुलगा अकरा वर्षांचा आहे. मी ख्रिस्ती झालेलो नाही, होईन असं आज तरी वाटत नाही. घरी गणपती दीड दिवस असतो. पण गुड फ्रायडेला मी त्याच्याबरोबर उभा राहतो, आणि क्रुसावरच्या त्या माणसाबद्दल मला आता जे वाटतं ते दहा वर्षांपूर्वी वाटत नव्हतं. मुलगा नसता तर मी बायबलमधले त्याच्याबद्दलचे ते अध्याय कधी उघडले नसते. 'जवळ येणं' म्हणजे बाप्तिस्माच असेल, तर मी तुमच्या मोजणीत बसत नाही. पण मी जवळ आलोय.

सायलीताई, तुमच्या नवऱ्याला आधी सगळं सांगा. मुलीने मागितलं हेही सांगा आणि तुम्हाला स्वतःला काय होतंय हेही सांगा. दुसरी गोष्ट लपवलीत तर त्यांना ते नंतर जास्त लागेल.

सायली_नगरकर

मंदार, दुसरी गोष्ट अजून सांगितलेली नाही. तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

तर्कनिष्ठ_अमोल

थोडं वेगळं मत मांडतो, कुणाला दुखवायचा हेतू नाही. मी जन्माने ख्रिस्ती, आता कुठलाच धर्म मानत नाही.

नऊ वर्षांच्या मुलीला सुट्टीतल्या शिबिरात गाणी, हस्तकला, नवे मित्र, आजीचं प्रेम, सगळं एकदम मिळतं. तिला त्यातलं काय हवंय हे तिला तरी कसं कळणार? आणि मुलांमार्फत पालकांपर्यंत पोचायचं हे मिशनऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. शाळा काढायच्या, मुलं आली की मागून घर येतं. राज्यघटनेच्या कलम २८(३) मध्ये म्हणूनच स्पष्ट लिहिलंय की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अज्ञान (अल्पवयीन) मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येणार नाही. त्या कलमामागे अनुभव आहे.

सायली, मुलगी अठराची होईपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

वसईकर_डॉम

अमोल, मुलांना आमिष म्हणून वापरू नये, यावर माझी शंभर टक्के सहमती. असं करणारे पाहिले आहेत आणि त्यांचा रागही आला आहे. पण इथे कुणी परकं शिबिर मुलीला घेऊन गेलेलं नाही. तिची आजी तिला स्वतःच्या चर्चमध्ये घेऊन गेली. आजीने नातीला दिंडीत नेलं तर आपण हाच प्रश्न विचारू का?

तर्कनिष्ठ_अमोल

विचारेन, अगदी तेवढ्याच जोरात.

वसईकर_डॉम

मग तुम्ही प्रामाणिक आहात. हात मिळवा.

जुन्या_वहीतून

इतिहासाची आवड असल्याने थोडं अवांतर.

पालक आणि मूल एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतात याचं आपल्या माहितीतलं मोठं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधलं वाँटेज. आई आणि जेमतेम अडीच वर्षांची मनोरमा, दोघींचा बाप्तिस्मा एकत्र झाला. पण मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मनोरमेला काय शिकवायचं, कुणी शिकवायचं, यावरून रमाबाई आणि वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनी यांच्यात पत्रांतून चांगलेच खटके उडाले. माझ्या मुलीला माझ्या सदसद्विवेकाला पटेल तेच शिकवलं जाईल, अशी रमाबाईंची भूमिका होती. आपण स्वतः नेमकं काय मानतो याची मांडणी त्यांना लेकीच्या निमित्ताने करावी लागली. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांनी लिहिलं की आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त पुढे भेटला. म्हणजे बाप्तिस्मा झाला की प्रवास संपतो, असं त्यांच्याही बाबतीत झालं नाही.

दुसरं उदाहरण खूप जुनं. संत ऑगस्टीन. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत हा विद्वान प्राध्यापक स्वतःशीच झगडत रडत बसला होता. शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा आवाज आला, "घे, वाच." मुलगा होता की मुलगी, तेही त्याला कळलं नाही. त्याने पौलाचं रोमकरांस पत्र उघडलं आणि समोर आला तो भाग वाचला. पुढच्या वर्षी, ३८७ च्या ईस्टरच्या आदल्या रात्री, बिशप अँब्रोज यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. त्याच वेळी त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा अदेओदातुस याचाही झाला. ऑगस्टीनची आई मोनिका सर्वांना माहीत असते, तिच्या अश्रूंबद्दल प्रवचनं होतात. बापाच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या मुलाबद्दल कुणी बोलत नाही. तो लवकर गेला. त्याच्या बुद्धीचं आपल्याला भय वाटायचं, असं बापाने लिहून ठेवलंय.

अमोल, थांबावं हे मत चर्चमध्येही जुनंच आहे. इ.स. २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनने लिहिलं की मुलांना कळू लागेपर्यंत थांबा, शिवाय हमी देणाऱ्यांना न पाळता येणाऱ्या वचनात कशाला अडकवता? तुम्ही एकटे नाही आहात :)

एल्विरा_परिचारिका

मी मुंबईत नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम केलंय, आता निवृत्त आहे. ही गोष्ट आधी कुठे लिहिली नव्हती.

अपुऱ्या दिवसांचं बाळ, वजन किलोच्या आत. आईवडील दोघंही कॅथलिक, पण बाप वर्षानुवर्षं चर्चला गेलेला नव्हता. चर्चचं नाव काढलं की चिडायचा. रात्री बाळाची अवस्था बिघडली. फादर यायला वेळ लागणार होता. आमच्यात नियम असा की जिवाला धोका असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. ख्रिस्ती असायलाही हवं असं नाही, चर्चला जे करायचं असतं तेच करायचा हेतू हवा, पाणी हवं आणि ते शब्द. मी देऊ शकले असते, पूर्वी दिलेही आहेत. पण बापाकडे बघून मी त्याला म्हटलं, तुम्ही द्या.

सिरिंजमधून पाण्याचे थेंब. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." त्याला शब्द आठवत होते. पूर्ण म्हणता आले नाहीत म्हणून पुन्हा म्हटले.

बाळ वाचलं. राहिलेले विधी नंतर चर्चमध्ये झाले, तेल, मेणबत्ती, पांढरं वस्त्र वगैरे. पाणी पुन्हा घालत नाहीत, बाप्तिस्मा एकदाच. त्या दिवशी फादरांनी बापाला विचारलं, या मुलाला बाप्तिस्मा कुणी दिला? तो म्हणाला, मी. त्यानंतर त्या माणसाने चर्च सोडलं नाही. बाळ न वाचतं तरी तो आला असता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाटतं आला असता. त्या रात्री त्याच्या तोंडून जे निघालं ते बाळ वाचण्याआधी निघालं होतं.

गोडखाऊ_पीटर

एल्विराताई, यावर काय लिहावं कळत नाही. तुमच्या हातांना सलाम.

निवृत्त_पाळक

जय ख्रिस्त. मी मराठवाडा आणि नगर भागात पाळक म्हणून सेवा केली. धागा शांतपणे वाचला. सायलीबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शुभवर्तमानातच बघा. येशूकडे माणसं कशासाठी आली? कितीतरी जण मुलांसाठी आले. याईर सभास्थानाचा अधिकारी, बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली म्हणून पायांशी पडला. कफर्णहूमातला राजाचा अंमलदार मुलाच्या तापासाठी आला, आणि योहान ४ मध्ये लिहिलंय की मुलगा बरा झाल्यावर त्याने व त्याच्या सगळ्या घराण्याने विश्वास ठेवला. कनानी बाई मुलीसाठी आली, नाही म्हटलं तरी हटली नाही. आणि मार्क ९ मधला तो बाप, ज्याच्या मुलाला झटके यायचे, तो म्हणाला, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." विश्वास आणि अविश्वास एकाच वाक्यात. येशूने त्याला आधी नीट ठरवून ये म्हणून परत पाठवलं नाही. तुम्ही आज लेकीचं बोट धरून बसता, तुमच्या मनात दोन्ही आहेत, काही बिघडत नाही.

आता बाप्तिस्म्याबद्दल. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली. सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यात बालबाप्तिस्मा देणाऱ्या होत्या आणि फक्त विश्वासणाऱ्यांना, म्हणजे कळत्या वयात बाप्तिस्मा देणाऱ्या बॅप्टिस्ट, ब्रदरन मंडळ्याही होत्या. म्हणून आपल्याकडे दोन्ही मार्ग मान्य आहेत. तान्हेपणी बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण, किंवा तान्हेपणी समर्पण आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा. थांबणारे आईबाप कमी विश्वासाचे नाहीत.

मी माझ्या सेवाकाळात आईवडिलांपैकी एकाचाही विरोध असताना अज्ञान मुलाचा बाप्तिस्मा केला नाही. तसं करून मूल आणि बाप यांच्यात भिंत उभी राहिली तर मी कोणत्या तोंडाने शुभवर्तमान सांगणार? मुलांना थांबायला सांगितलं तर ती थांबतात. मोठ्यांनाच धीर नसतो.

टेम्सकाठची_मराठी

इकडे इंग्लंडमध्ये एक वेगळाच प्रकार आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या काही शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त असले की चर्चला नियमित हजेरी लावणाऱ्या कुटुंबांना प्राधान्य मिळतं आणि कागदावर व्हिकारची (तिथल्या पाळकाची) सही लागते. त्यामुळे मूल तीन वर्षांचं झालं की अचानक भाविक झालेले आईबाप बरेच. बाप्तिस्म्यांनाही त्या वयात तेजी येते.

मी हे नाक मुरडूनच बघायचे. मग आमच्याच गल्लीतलं एक जोडपं पाहिलं. आले सहीसाठीच, तसं उघड सांगायचे. मुलीला शाळेत जागा मिळाली, त्यांनी यायचं थांबवलं. पण मुलगी थांबेना! रविवारी सकाळी बूट घालून दारात उभी. तीन-चार आठवडे तिला शेजारणीबरोबर पाठवलं, मग लाज वाटून बाप आला. तो आता दर महिन्याला बेघरांसाठीच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात कांदे चिरतो. हेतू चांगला नसतानाही माणूस आत आला आणि राहिला, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांचं असं होत नाही. सही घेऊन गेलेले पुष्कळ.

मोसंबी_जालना

शहरातल्या गोष्टी झाल्या, आता खेड्यातली ऐका.

माझी आई शाळेत गेली नव्हती. आमच्या वस्तीवर आठवड्यातून एकदा झाडाखाली संडेस्कूल भरायचं. मी गेलो ते गोळ्या-बिस्किटं मिळतात म्हणून, खोटं कशाला बोलू. तिथे भजनं पाठ करून घेत. घरी आलो की मी ढोलकी समजून डबा बडवत तेच म्हणायचो. आई भाकरी थापता थापता ऐकायची. थोड्या दिवसांनी माझं कडवं चुकलं की ती चुलीपासून दुरुस्त करायची! मग म्हणाली, हे अक्षर मला दाखव. भजनसंग्रहावर बोट ठेवून ती वाचायला शिकली. आधी पाठ होतं, मग अक्षर ओळखू आलं. आमच्या घरात पहिला बाप्तिस्मा माझ्या बहिणीचा झाला, त्यानंतर आईचा.

वडिलांचा झाला नाही. यावर धाग्यात कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. आम्ही अनुसूचित जातीतले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. वडिलांची नोकरी त्या दाखल्यावर होती. ते दर रविवारी यायचे, शेवटच्या ओळीत बसायचे, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी मान खाली घालून बाहेर पडायचे. निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत गेले. पाळकसाहेबांनी त्यांच्या पुरण्याच्या वेळी एका शब्दाने फरक केला नाही. 'आईवडील का येत नाहीत' असं विचारणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं. येतात. काहींना दारात थांबावं लागतं.

कोल्हापुरी_रूथ

मोसंबीदादा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून गप्प झाले. अशी माणसं प्रत्येक मंडळीत आहेत आणि आपण त्यांना 'अजून विश्वासात यायचेत' म्हणून मोकळे होतो. हे थांबलं पाहिजे.

नवा_जन्म_७७

सगळ्यांच्या भावना समजतात, पण पवित्र शास्त्र स्पष्ट आहे. आधी पश्चात्ताप, मग बाप्तिस्मा. तान्ह्या बाळावर पाणी शिंपडणं म्हणजे बाप्तिस्मा नाहीच. सायली ताई, तुमचाही झालेला नाही. तुम्ही आणि मुलगी दोघींनी पाण्यात उतरून घ्या.

वसईकर_डॉम

झालं सुरू. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने 'आपल्या सर्व माणसांसह' बाप्तिस्मा घेतला ना, त्या घरात तान्हं मूल नव्हतं हे कशावरून?

नवा_जन्म_७७

होतं हे कशावरून? त्याच्या घरच्या सगळ्यांना वचन सांगितलं असंही तिथेच लिहिलंय. आधी ऐकणं, मग बाप्तिस्मा.

जुन्या_वहीतून

झुरिकमध्ये १५२५ च्या जानेवारीत याच वादावरून पहिले पुनर्बाप्तिस्मे झाले, आणि पुढे त्यासाठी माणसं बुडवून मारली गेली. पाच शतकं झाली, हा वाद या धाग्यावर मिटणार नाही. त्याला वेगळा धागा काढू या का?

निवृत्त_पाळक

सहमत. आणि बंधू, एका लेकराच्या आईला "तुमचाही झालेला नाही" असं पहिल्याच वाक्यात सांगू नये. तुमची श्रद्धा मला ठाऊक आहे, मी तिचा मान राखतो. पण ती आज इतक्या वर्षांनी चर्चच्या दारात आली आहे.

नवा_जन्म_७७

पाळकसाहेब, तुमचं म्हणणं मान्य. सायली ताई, मनाला लागलं असेल तर क्षमा करा. तुमच्या मुलीसाठी मी प्रार्थना करतोय, हे मनापासून.

सायली_नगरकर

क्षमा कशाला, प्रार्थनेसाठी धन्यवाद.

मंदार यांनी सांगितल्याप्रमाणे नवऱ्याशी बोलले. मुलीचं तो आधीच ओळखून होता. माझं सांगितल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला भीती एवढीच वाटते की तुम्ही दोघी एका बाजूला आणि मी एका बाजूला." यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तुला सोडून कुठेही जायचं नाहीये, एवढं सांगितलं. पाळकांना भेटायला यायला तो तयार आहे, पण त्याच्या काही शंका आहेत आणि त्या तो त्यांच्या तोंडावर विचारणार आहे.

मंदार_क

विचारू द्या. ज्या पाळकाला शंका चालत नाहीत त्याच्याकडे मुलीला पाठवूही नका. आणि एक, त्यांना सांगा की 'एका बाजूला मी' ही भीती मलाही होती. माझी कमी झाली ती मुलगा मला स्वतःहून सगळं येऊन सांगू लागला तेव्हा. घरात ज्या गोष्टीबद्दल मोकळेपणाने बोलता येतं तिच्यामुळे घर फुटत नाही.

दोन_मुलांची_आई

उशिरा लिहितेय, पण मूळ प्रश्नातल्या 'टिकलं का' याकडे कुणी फारसं वळलंच नाही.

आम्ही नवराबायको मोठ्या मुलामुळे चर्चला लागलो. त्याने तेराव्या वर्षी आपणहून बाप्तिस्मा घेतला, कबुली देताना आवाज कापत होता, आम्ही दोघं ढसाढसा रडलो. वर्षभरात आमचाही झाला. सतराव्या वर्षी त्याने सांगितलं, "माझा आता यावर विश्वास नाही." कॉलेज, वाचन, मित्र, सगळंच. अमोलसारखाच बोलतो, तितकाच प्रामाणिकही आहे.

ज्याने आम्हाला आणलं तोच गेला. पहिले काही महिने मला चर्चमध्ये बसवत नव्हतं. आपण त्याच्या आधारावर उभे होतो की काय, असं वाटायचं. नवरा म्हणाला, "तो नसता तर आपण आलो नसतो, पण आपण आता त्याच्यासाठी येत नाही." मला हे पटायला वेळ लागला. आता पटलंय. आम्ही त्याच्यावर दबाव टाकत नाही, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो, आणि ती करतो हे त्याला माहीत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री तो म्हणतो, "करताय ना?" यावर मी काही बोलत नाही, फक्त हो म्हणते.

म्हणून सायली, तुझा विश्वास तुझ्या मुलीच्या खांद्यावर ठेवू नकोस. नऊ वर्षांच्या खांद्यांना तो पेलणार नाही. उद्या ती कंटाळली, वयात आल्यावर तिने वेगळा विचार केला, तर 'तुझ्यामुळे तर आम्ही आलो' हे तिला ऐकावं लागू नये.

वसईकर_डॉम

दोन_मुलांची_आई, +१०००. या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. आमच्या बाप्तिस्म्याच्या विधीत पूर्वी धर्मपिता-धर्ममाता बाळाच्या वतीने उत्तरं द्यायचे. १९६९ साली विधी बदलला, तेव्हापासून आईवडिलांना त्यांच्या स्वतःच्या विश्वासाबद्दल विचारतात. आमचे फादर तयारीच्या बैठकीत म्हणतात, उत्तर बाळाच्या नावाने देऊ नका, स्वतःच्या नावाने द्या. मुलाला अजून काही बोलता येत नसतं. तिथे बोलतो तो बाप आणि बोलते ती आई.

तर्कनिष्ठ_अमोल

दोन_मुलांची_आई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी आईही प्रार्थना करते, मलाही माहीत असतं. आज तिला फोन करतो.

सायली, माझं मत तेच आहे, थांबावं. पण तुम्ही मुलीचं ऐकून घेताय, नवऱ्याचंही ऐकून घेताय, यावर माझा आक्षेप नाही.

सायली_नगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सध्या असं ठरवलंय: मुलीचा बाप्तिस्मा लगेच नाही. ती संडेस्कूलला जाईल, वर्षभराने तिला तेच हवं असेल तर आम्ही दोघं मिळून पाळकांशी बोलू. तिला सांगितलं तर म्हणाली, "चालेल, पण तू यायचं थांबवायचं नाहीस." तिला हो म्हणाले. माझं मी बघतेय, प्रभुभोजन घ्यायला अजून धजत नाही.

पाळकसाहेब, एक विचारायचं राहिलं. इतक्या वर्षांनी परत प्रभुभोजन घ्यायचं तर काही विधी असतो का? पुन्हा दृढीकरण वगैरे?

निवृत्त_पाळक

नाही बाई. बाप्तिस्मा एकदाच, दृढीकरणही एकदाच. तुमचं दोन्ही झालेलं आहे. नगरच्या चर्चच्या नोंदवहीत ते लिहिलेलं असेल, पुण्याच्या पाळकांनी मागितलं तर तिथून सभासदत्वाचं पत्र आणवता येतं. उपासनेत पापांगीकाराची, म्हणजे पापांच्या कबुलीची प्रार्थना असते, ती मनापासून म्हणा. मनावर विशेष काही ओझं असेल तर आधी पाळकांना एकांतात भेटा. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी सगळ्यांबरोबर उठा आणि पुढे या. मुलीला त्या दिवशी शेजारी घ्या. ती प्रभुभोजन घेणार नाही, पण पाळकांना आधी सांगितलंत तर ते तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला आशीर्वाद देतील.